राल्फ ब्रांकाचा दुसरा चेंडू

न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानात हरलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नव्हती. इतर मैदानांत खेळाडूंच्या बाकाच्या मागेच दार असतं; सामना संपला की चार पावलांत माणूस आत. इथे दोन्ही संघांच्या कपडे बदलायच्या खोल्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका इमारतीत होत्या. फलंदाज जिथे उभा राहतो त्या होम प्लेटपासून ते टोक ४८३ फूट लांब, म्हणजे जवळजवळ १४७ मीटर. जिंकलात किंवा हरलात, तेवढं मैदान तुडवत, लोकांच्या डोळ्यांदेखत जावं लागे.

३ ऑक्टोबर १९५१ रोजी दुपारी, चार वाजायला दोन मिनिटं असताना, २५ वर्षांचा राल्फ ब्रांका त्या इमारतीकडे चालू लागला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पाठीवर १३ हा आकडा. आजूबाजूने माणसं कुंपणावरून उड्या टाकून मैदानात धावत होती, आणि हा खाली मान घालून त्यांच्यातून वाट काढत होता. इमारतीत शिरल्यावर तो लाकडी पायऱ्यांवर कोसळला आणि डोकं हातांत घेऊन रडला. त्याचं तसं छायाचित्र आहे. चेहरा दिसत नाही, पाठ दिसते, आणि पाठीवरचा तो आकडा.

भिंतीपलीकडे न्यूयॉर्क जायंट्सचा जल्लोष चालला होता. त्याच बाजूच्या एका खिडकीत गेले अडीच महिने दुर्बीण लावलेली होती, हे ब्रांकाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हा सामना अमेरिकेत इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याची दंतकथा झाली आहे. तरी मला तो पुन्हा सांगावासा वाटतो, कारण दंतकथेत फटका मारणाराच मोठा होतो. चेंडू टाकणाऱ्याच्या वाट्याला एक वाक्य येतं, तेही दोषाचं.

जायंट्स मॅनहॅटनचे, डॉजर्स ब्रुकलिनचे. आज ही एकाच शहराची दोन अंगं वाटतात, पण १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे वेगळं शहर होतं आणि न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यावरही त्याने आपला वेगळा ताठा सोडला नाही. नदीपलीकडचे बडे लोक आणि अलीकडचे आपण, ही भावना बेसबॉलमध्ये पुरेपूर उतरली होती. दोघे एकाच लीगमध्ये असल्यामुळे दर मोसमात २२ वेळा एकमेकांसमोर येत. जुन्या मुंबईत दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्या लढतींना जी धार असायची, ती ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकाच गल्लीत, एकाच कचेरीत, कधी एकाच घरात दोन पक्ष असत.

१९३४ च्या सुरुवातीला जायंट्सचा मॅनेजर बिल टेरी पत्रकारांपुढे म्हणून गेला होता, ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे का? मोसमाच्या शेवटच्या दोन दिवशी ब्रुकलिनने जायंट्सला दोन्ही सामन्यांत हरवलं आणि त्यांच्या हातातलं विजेतेपद सेंट लुइसला गेलं. असे हिशेब या दोन संघांत कधी मिटत नसत. त्यात १९४८ च्या जुलैत आणखी एक घाव बसला. ब्रुकलिनचा मॅनेजर लिओ ड्युरोशर, तोंडाळ, भांडखोर, जिंकण्यासाठी वाटेल ते करणारा, ऐन मोसमात डॉजर्स सोडून थेट जायंट्सचा मॅनेजर झाला. ब्रुकलिनला ती फितुरी वाटली. जायंट्सच्या प्रेक्षकांना हा माणूस आपला म्हणायला बराच काळ लागला.

१९५१ चा डॉजर्सचा संघ लीगमधला सर्वांत बलाढ्य होता. जॅकी रॉबिन्सन, ज्याने १९४७ मध्ये बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली, तो या संघाचा. पी वी रीस, ड्यूक स्नायडर, गिल हॉजेस, कॅचर रॉय कॅम्पनेला हेही याच संघातले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे सुमारे १३ सामन्यांची आघाडी होती. १५४ सामन्यांच्या मोसमात एवढी आघाडी म्हणजे विषय मिटल्यासारखाच. ब्रुकलिनचा मॅनेजर चार्ली ड्रेसन तर जायंट्स संपले असं उघड सांगत होता.

मग १२ ऑगस्टपासून जायंट्स जिंकायला लागले आणि थांबेचनात. ओळीने १६ सामने जिंकले. शेवटच्या ४४ पैकी ३७. त्यांच्याकडे माँटी अर्विन होता, ज्याने त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक, १२१, धावा घरी आणल्या. मे महिन्यात आलेला २० वर्षांचा विली मेज होता, ज्याला पुढे जग या खेळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणणार होतं. आणि बॉबी थॉमसन होता. ग्लासगोला जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेत आलेला, स्टेटन आयलंडवर वाढलेला अबोल मुलगा. जुलैत ड्युरोशरने त्याला मैदानाच्या मागच्या भागातून काढून तिसऱ्या बेसवर उभं केलं.

३० सप्टेंबरला मोसम संपला तेव्हा जायंट्सनी बॉस्टनला ३-२ हरवलं होतं आणि डॉजर्स फिलाडेल्फियात मरणाच्या दारात होते. सुरुवातीलाच ६-१ असे मागे पडलेले. सामना ओढत ओढत १२ व्या डावात गेला. सगळे बेस भरलेले, दोन बाद, आणि एक सणसणीत फटका आला. रॉबिन्सनने अंग झोकून तो जमिनीलगत पकडला आणि तसाच निपचित पडून राहिला. दोन डावांनंतर, १४ व्या डावात, त्यानेच होम रन मारून सामना ९-८ असा जिंकून दिला. दोन्ही संघ ९६ विजय आणि ५८ पराभव अशा अगदी समान गुणांवर येऊन थांबले. तीन सामन्यांची निर्णायक मालिका ठरली. जो जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, यांकीजशी खेळणार.

पहिला सामना ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर झाला. जायंट्स ३-१ जिंकले. त्यातल्या दोन धावा थॉमसनच्या होम रनवर आल्या, आणि पिचर होता राल्फ ब्रांका. दुसऱ्या दिवशी पोलो ग्राउंड्सवर डॉजर्सनी जायंट्सना १०-० असं धुऊन काढलं. उरला तिसरा.

ज्यांनी बेसबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. दोन्ही संघांना नऊ-नऊ डाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला. चेंडू मारून बॅट तिथेच टाकायची आणि पळायचं. तीन बेस ओलांडून घरी पोहोचलं की एक धाव. चेंडू उडत कुंपणापलीकडे गेला की होम रन, म्हणजे मारणारा आणि बेसवर थांबलेले सगळे चालत घरी. यजमान संघ प्रत्येक डावात मागाहून फलंदाजी करतो, म्हणून शेवटचा शब्द त्याचा.

त्या बुधवारी आकाश झाकोळलेलं होतं. ५५ हजारांच्या आसपास माणसं मावणाऱ्या मैदानात ३४,३२० प्रेक्षक आले. आज ते पटायलासुद्धा अवघड जातं, कारण पुढे आपण तिथे होतो म्हणणारे न्यूयॉर्कर त्याहून कितीतरी जास्त भेटत. पण लोक ऐकत होते. रेडिओ कचेऱ्यांत होते, न्हाव्यांच्या दुकानांत होते, टॅक्सींत होते. शिवाय देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दूरचित्रवाणीवर थेट दिसलेली बेसबॉलची ही पहिलीच मालिका. जे कॅलिफोर्नियात बसले होते त्यांनीही ब्रुकलिनचं नशीब उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

पिचर जायंट्सकडून सॅल मॅग्ली, डॉजर्सकडून डॉन न्यूकम. न्यूकमने आदल्या शनिवारी फिलाडेल्फियात पूर्ण सामना टाकला होता आणि रविवारी त्याच १४ डावांच्या सामन्यात पुन्हा येऊन पाचाहून अधिक डाव. दोन दिवसांच्या विश्रांतीवर आता तिसऱ्यांदा.

पहिल्याच डावात रॉबिन्सनच्या फटक्यावर रीस घरी आला, १-०. दुसऱ्या डावात थॉमसनने चेंडू डावीकडे मारला आणि खाली मान घालून दुसऱ्या बेसकडे धावत सुटला. तिथे त्याचाच सहकारी लॉकमन आधीपासून उभा! एका बेसवर दोन माणसं राहू शकत नाहीत. थॉमसन बाद झाला. सातव्या डावात त्याच्याच उंच फटक्यावर अर्विन पळत घरी आला आणि १-१ अशी बरोबरी झाली. आठव्यात पुन्हा सगळं उलटलं. मॅग्लीचा एक चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेला आणि डॉजर्सची एक धाव झाली. मग दोन फटके तिसऱ्या बेसच्या बाजूने गेले, एक थॉमसनच्या हातमोज्याला लागून, दुसरा त्याच्या बाजूने. ४-१. त्या क्षणी सामना थांबवला असता तर १९५१ चा खलनायक बॉबी थॉमसन ठरला असता. लोक ही गोष्ट विसरतात.

न्यूकमचा हात गळून गेला होता. त्याने तसं डगआउटमध्ये बोलूनही दाखवलं. रॉबिन्सनने त्याला तिथेच फटकारून पुन्हा उभं केलं. आठव्या डावात त्याने जायंट्सचे तिघे सरळ बाद केले.

नववा डाव. जायंट्सना बरोबरीसाठीच तीन धावा हव्यात, तीन गडी हातात.

अल्विन डार्कचा फटका गिल हॉजेसच्या हातमोज्याला घासून गेला; डार्क पहिल्या बेसवर. आता तीन धावांची आघाडी असताना पहिल्या बेसवरच्या माणसाची फिकीर करायचं कारण नव्हतं. तो दुसऱ्या बेसवर गेला तरी काय बिघडणार? पण हॉजेस बेसला चिकटून उभा राहिला, आणि त्याच्या उजवीकडे जी फट पडली तिच्यातूनच डॉन म्युलरने चेंडू काढला. हॉजेस चार पावलं मागे असता तर कदाचित एकाच चेंडूवर दोघे बाद झाले असते. मला हा त्या दुपारचा खरा वळणबिंदू वाटतो, आणि बहुतेक वर्णनांत त्याला एक ओळही मिळत नाही. अर्विनने चेंडू उंच उडवला आणि बाद झाला. एक बाद. लॉकमनने डावीकडे लांब फटका मारला, डार्क घरी आला, ४-२. म्युलर तिसऱ्या बेसवर घसरत पोहोचला तो घोट्यावर जबर मार घेऊनच. त्याला स्ट्रेचरवर घालून त्याच दूरच्या इमारतीकडे नेलं. त्याच्या जागी धावायला क्लिंट हार्टुंग आला. दोन बेसवर दोन माणसं. थॉमसनची पाळी.

ड्रेसनने बुलपेनमध्ये फोन लावला. राखीव पिचर मैदानाच्या कडेला जिथे हात गरम करत असतात ती जागा म्हणजे बुलपेन. तिथे कार्ल अर्स्किन आणि ब्रांका तयार होत होते. प्रशिक्षक क्लाइड सुकफोर्थने कळवलं की अर्स्किनच्या वळणाऱ्या चेंडूंचा आधीच टप्पा पडतो आहे. म्हणजे ब्रांका. दोनच दिवसांपूर्वी आठ डाव टाकलेला, आणि थॉमसनकडून होम रन खाल्लेला ब्रांका. नेहमीचा कॅचर कॅम्पनेला पायाच्या दुखापतीमुळे बाकावर होता. त्याच्या जागी रूब वॉकर.

पहिला बेस रिकामा होता. थॉमसनला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून तिथे पाठवता आलं असतं. त्याच्यामागून येणारा विली मेज २० वर्षांचा पोरगा, घाबरलेला. आपली पाळी येऊ नये अशी त्याची प्रार्थना चालली होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण जिंकून देणारी धाव आपल्या हाताने बेसवर पाठवायची नाही, हा या खेळातला जुना पाठ. ड्रेसनने तो पाळला.

ब्रांकाचा पहिला चेंडू वेगवान, बरोबर मधोमध. थॉमसन नुसता बघत राहिला. स्ट्राइक. दुसरा चेंडू वर आणि अंगाकडे, पुढचा वळणारा चेंडू टाकता यावा म्हणून फलंदाजाला मागे रेटण्यासाठी टाकलेला. ब्रांकाने जिथे ठरवला होता साधारण तिथेच तो गेला. थॉमसनने हात आखडून बॅट फिरवली. चेंडू फार उंच गेला नाही. खाली झुकत, सरळ रेषेत डाव्या कुंपणाकडे गेला. डॉजर्सचा अँडी पाफ्को भिंतीला पाठ टेकून वर बघत राहिला. ३१५ फुटांच्या खुणेजवळ चेंडू खालच्या मजल्यावरच्या गर्दीत नाहीसा झाला. दुसऱ्या एखाद्या मैदानात तो पाफ्कोच्या हातात विसावला असता. जायंट्स ५, डॉजर्स ४.

थॉमसन उड्या मारत बेस पार करत होता. तिसऱ्या बेसपाशी जायंट्सच्याच एडी स्टँकीने ड्युरोशरवर झडप घातली होती आणि दोघे एकमेकांना मिठी मारून लोळत होते. होम प्लेटवर सगळा संघ गोळा झालेला. डॉजर्स एकेक करून इमारतीकडे वळले. एकच माणूस जागचा हलला नाही. जॅकी रॉबिन्सन कमरेवर हात ठेवून थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही ते बघत उभा राहिला. एखादा बेस चुकला तर दाद मागता येईल म्हणून. शेवटचा पाय पडला तेव्हाच तो वळला. या सबंध सामन्यात मला सर्वांत जास्त भिडणारं दृश्य हेच आहे. ज्याने आयुष्यात काहीच फुकट मिळवलं नव्हतं, त्याने पराभवही तपासून घेतला.

रेडिओवर जायंट्सचे समालोचक रस हॉजेस यांचा आवाज फुटला होता. जायंट्सनी पेनंट (लीगचं विजेतेपद) जिंकलं, हे एकच वाक्य ते ओरडून ओरडून चार वेळा म्हणाले. त्या काळी समालोचन जपून ठेवायची पद्धत नव्हती. ब्रुकलिनमधल्या एका जायंट्सप्रेमी माणसाने कामावर जाताना आईला सांगून ठेवलं होतं की शेवटचा भाग टेपवर उतरवून घे. त्या माउलीने बटण दाबलं, आणि म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो. त्याच दिवशी व्हाइट हाउसने जाहीर केलं होतं की सोव्हिएत रशियाने दुसऱ्यांदा अणुस्फोट केला आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोन्ही स्फोट पहिल्या पानावर होते.

जायंट्स यांकीजकडून वर्ल्ड सिरीज ४-२ अशी हरले. म्युलर जायबंदी झाल्यामुळे हँक थॉम्पसनला जागा मिळाली, आणि अर्विन, मेज, थॉम्पसन अशी तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंची बाह्यफळी वर्ल्ड सिरीजमध्ये पहिल्यांदा उतरली. एरवी त्या मालिकेतलं फारसं कुणाला आठवत नाही.

आता त्या दुर्बिणीकडे येतो.

बेसबॉलमध्ये कॅचर उकिडवा बसून, मांड्यांच्या आडोशाने, बोटांनी पिचरला खूण करतो: वेगवान टाक, वळणारा टाक. फलंदाजाला ही खूण आधी कळली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. दुसऱ्या बेसवर पोहोचलेल्या खेळाडूने नुसत्या डोळ्यांनी ती टिपली तर खेळ त्याला चातुर्य म्हणतो. ड्युरोशरने त्यापुढची मजल मारली. २० जुलै १९५१ पासून पोलो ग्राउंड्सवरच्या सामन्यांत, दूरच्या इमारतीतल्या त्याच्या खोलीत अंधार करून दुर्बीण रोखलेली असे. प्रशिक्षक हर्मन फ्रँक्स तिच्यातून कॅचरची बोटं बघे. तिथून एका वीजतंत्र्याने तार ओढून बुलपेनपर्यंत बझर बसवला होता. एकदा वाजला तर वेगवान, दोनदा वाजला तर वळणारा. बुलपेनमध्ये बसलेला राखीव कॅचर चेंडू हातात धरून ठेवी किंवा वर उडवी, आणि १०० मीटरहून लांब उभ्या असलेल्या फलंदाजाला काय येणार ते कळे. ज्याने ती तार ओढली तो वीजतंत्री स्वतः ब्रुकलिनचा चाहता होता!

हे सगळं कागदोपत्री पुराव्यांसह आणि हयात खेळाडूंच्या कबुलीसह उघड झालं ते २००१ च्या जानेवारीत, जोशुआ प्रेगर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिल्यावर. म्हणजे जवळपास ५० वर्षांनी. १९५१ मध्ये अशा साधनांविरुद्ध लेखी नियम नव्हता. लीगने बंदी घातली ती १९६१ मध्ये. म्हणून ती फसवणूक नव्हती असं काही जण आजही म्हणतात. मला ते पटत नाही. जे उजळमाथ्याने सांगता येत होतं ते खोली अंधारी करून का केलं? २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने कॅमेरा लावून हाच प्रकार केला तेव्हा मॅनेजरला वर्षभर बाहेर बसावं लागलं.

पण याचा अर्थ तो फटका चोरीचा, असाही निकाल मी देणार नाही. त्या मोसमात जायंट्स परक्या मैदानांवरही जिंकत होते, जिथे दुर्बीण नव्हती. खूण कळली तरी ताशी ९० मैलांच्या आसपास येणारा, वर आणि अंगाकडचा चेंडू तुमच्याऐवजी कुणी मारून देत नाही. त्या चेंडूची खूण मिळाली होती का, असं थॉमसनला विचारलं तेव्हा तो नाहीच म्हणाला, पण ते नाही ठाम नव्हतं. तो भिडस्त, प्रामाणिक माणूस होता. साफ खोटंही बोलवेना आणि आयुष्यातला एकुलता मोठा क्षण सोडूनही देववेना, असं मला त्याच्या उत्तरातून दिसतं.

आणि ब्रांका? त्या संध्याकाळी बाहेर गाडीत त्याची वाग्दत्त वधू अ‍ॅन आणि तिच्या नात्यातले एक पाद्री वाट पाहत होते. मीच का, असं त्याने पाद्रींना विचारलं. तुझी श्रद्धा हे ओझं पेलण्याइतकी बळकट आहे हे देवाला ठाऊक होतं, असं उत्तर मिळाल्याचं ब्रांका आयुष्यभर सांगत आला. १७ दिवसांनी त्याचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी पाठीचं दुखणं मागे लागलं. १९४७ मध्ये एकाच मोसमात २१ सामने जिंकलेला हा पिचर त्या दुपारनंतर सगळ्या कारकिर्दीत मिळून फक्त १२ जिंकला आणि तिशीत खेळ सोडून विमा विकू लागला. लोक दुखण्याचा हिशेब ठेवत नाहीत. त्यांच्या लेखी तो एका चेंडूनेच संपला.

शारजाची १९८६ ची अंतिम लढत आठवते त्यांना हे कळेल. शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियांदादचा षटकार. पुढच्याच वर्षी विश्वचषकात पहिली हॅटट्रिक घेतली ती याच चेतन शर्माने, आपल्या नागपूरच्या मैदानावर. तरी त्याचं नाव निघालं की लोक शारजाच म्हणतात.

दुर्बिणीच्या बातमीसाठी ब्रांकाला २००१ पर्यंत थांबावं लागलं नव्हतं. १९५४ मध्ये, डेट्रॉइटकडून खेळत असताना, एका सहकाऱ्याने त्याला सगळं सांगितलं होतं. १९६२ मध्ये ती कुणकुण वर्तमानपत्रांत छापूनही आली. पत्रकार त्याच्याकडे आले. त्याच्या हातात अशी गोष्ट होती जिच्यामुळे एका वाक्यात त्याच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला असता. तो काही बोलला नाही. हरलेल्याने रडगाणं गाऊ नये, असं त्याचं म्हणणं. थॉमसनबरोबर तो समारंभांना जाई, एकाच चेंडूवर दोघे शेजारी शेजारी सह्या करत, फोटोत हसत, आणि घरी जाताना हा माणूस ते गुपित बरोबर घेऊन जाई. १९४७ मध्ये रॉबिन्सन पहिल्यांदा संघात आला तेव्हा काही सहकारी त्याच्या विरोधात सह्या गोळा करत होते. ब्रांका पहिल्या सामन्याच्या रांगेत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता. पुढे हलाखीत सापडलेल्या माजी खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेचं काम त्याने अनेक वर्षं वाहिलं. हे सगळं एकाच माणसाचं आयुष्य आहे, आणि यात तो चेंडू फक्त एका दुपारचा आहे.

१९५७ चा मोसम संपला आणि दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले. डॉजर्स लॉस एंजेलिसला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. भांडण मात्र त्यांनी बरोबर नेलं, आणि तिकडे वाढणारी आपली मराठी मुलंसुद्धा आज त्यात बाजू घेतात. १९६४ मध्ये पोलो ग्राउंड्स पाडलं. ती इमारत, त्या लाकडी पायऱ्या, ती खिडकी, सगळं गेलं. तिथे आता उंच निवासी इमारती आहेत. थॉमसन २०१० मध्ये वारला, ब्रांका २०१६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी. डाव्या कुंपणापलीकडे गेलेला चेंडू कुणाकडे गेला ते आजवर कळलेलं नाही.

त्या सामन्याचा अधिकृत धावफलक मात्र आहे. थॉमसनच्या फटक्यावर जे दोघे आधी घरी आले त्यांना बेसवर न्यूकमने सोडलं होतं, म्हणून त्या धावा न्यूकमच्या नावावर आहेत. ब्रांकाच्या नावासमोर लिहिलं आहे: पूर्ण केलेले डाव शून्य, फटका एक, धाव एक, पराभूत पिचर. दुर्बिणीसाठी त्या कागदावर रकाना नाही.